अडीच फुटांची लाईन

आजोबांची हातबत्ती माझ्या कपाटावर आहे. हिरवी काच तडकलेली, लाल शाबूत. 1954 साली बार्शी लाईट रेल्वे सरकारनं ताब्यात घेतली, त्याच वर्षी ते गँगमन म्हणून लागले. पुढे चावीवाले झाले. पहाटे निघायचं, आपल्या वाट्याच्या रुळावरून चालत जायचं, ढिली झालेली चावी, म्हणजे रूळ घट्ट धरणारी पाचर, हातोड्यानं ठोकायची. उन्हाळा असो की पाऊस.

ही लाईन एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची. रुंदी फक्त अडीच फूट. इंजिन असो की वाघीण (मालडबा), चाकांच्या एका जोडीवर 5 टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा हट्ट. त्यामुळे एक यार्ड लांबीला 30 पौंड वजनाचे हलके रूळ पुरले आणि खर्च आवाक्यात राहिला. 1897 मध्ये गाडी कुर्डुवाडीहून बार्शीला आली, 1911 मध्ये आमच्या लातूरला. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, लातूर निजामाच्या. आमच्या आडतीचा माल या लहान गाडीनं बाहेरच्या बाजारात नेला. वारकऱ्यांना पंढरपूर जवळ झालं. 1927 मध्ये रूळ मिरजेला टेकले.

पुढे या अरुंद लाईनीची रुंद रुळांची ब्रॉडगेज झाली, ती धाराशिववरून नेली. जुनी लाईन त्या शहराला टाळून येडशीच्या रामलिंग घाटातून जायची. तो तुकडा मागे राहिला. माझा जीव तिथंच अडकलाय. तिथला रुळाखालचा मातीचा भराव आणि या लाईनीवरचं एखादं जुनं स्टेशन, बाक, घंटा, तिकिटाची खिडकी यांच्यासकट जपायला हवं. रंगरंगोटी नको. पोरांना हाताला लागेल असं काहीतरी राहू द्या.

एप्रिल 2016. आमच्या गल्लीत नळ आटून महिना झाला होता. टँकरसाठी रात्र रात्र घागरी रांगेत. तेव्हा पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला 10 वाघिणींतून 5 लाख लिटर. मी आजीला पेपर वाचून दाखवला.

"कुठून आलं म्हणलास?"

"मिरजेहून. पंढरपूर, कुर्डुवाडी करत."

आजीनं डोळे मिटले. "म्हंजे तुझ्या आज्याच्याच लायनीनं आलं की रं."

दुपारी तिनं ती बत्ती खाली काढायला लावली आणि पदरानं पुसली. धुवायला पाणी नव्हतं.