पाय पिवळे कुणामुळे?

शिराळ्यात माझं कोंबडीखाद्याचं दुकान आहे, जोडीला गावरान पिल्लं आणि तलंगाही विकतो. बाजारादिवशी येणारं गिऱ्हाईक आधी कोंबडी उलटी धरतं आणि पाय बघतं. पाय पिवळेधमक असले की घासाघीस कमी. वीस वर्षं हे बघतोय, पण पाय पिवळेच का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडला कान्हाच्या जंगलात.

दोन वर्षांपूर्वी घरच्यांना घेऊन मध्य प्रदेशात गेलो होतो. वाघ काही दिसला नाही. साल वृक्षांखाली एक कोंबडा पाला उकरत होता. मानेवर सोनेरी-तांबूस पिसं, गालाशी पांढरा ठिपका, शेपूट काळी-हिरवी. आमची ही म्हणाली, "अहो, हा कुणाचा सुटून आलाय?" गाइड हसला. तो लाल रानकोंबडा होता. उडाला तेव्हा शेपटीच्या बुडाशी कापसासारखा पांढरा पुंजका दिसला. आरवलाही अगदी आमच्या अंगणातल्यासारखा, फक्त शेवटचा सूर कुणी तोडून घेतल्यासारखा. माझं लक्ष मात्र सवयीनं पायांकडे गेलं. पाय पाटीच्या रंगाचे, करडे.

आता आमच्या चांदोलीच्या रानातला. तो राखी रानकोंबडा. लाल उत्तरेत, ईशान्येत आणि पूर्वेकडच्या रानात. राखी द्वीपकल्पात, वर पार अबूपर्यंत. मधे गोदावरीच्या पट्ट्यात दोघांची गाठ पडते. आमच्याकडे कारवीची झुडपं 7-8 वर्षांनी फुलतात, आणि त्यांचं बी पडलं की रानकोंबड्या तिथं गोळा होतात.

राखीचं आरवणं कोंबड्याचं वाटतच नाही. "कुक्क, कया-कया, कुक्क" असं तुटक, घोगरं. अगदी जवळ असाल तर पाठोपाठ स्वतःशीच पुटपुटल्यासारखा एक बारीक आवाज येतो. तो मी एकदाच ऐकलाय, श्वास धरून.

एकदा पायवाटेवर त्याच्या मानेचं पीस सापडलं होतं. काळसर, कडेला करडं, आणि टोकाशी दांडीच चपटी होऊन पिवळी चकचकीत टिकली झालेली. लाखेचा थेंब सुकवावा तशी. नखानं ठोकलं तर कडक. याच टिकल्यांसाठी विलायतेत मासे पकडायच्या गळांना ही पिसं बांधायचे, आणि त्यापायी इथं कोंबडे मारले जायचे. पुढे निर्यात बंद झाली. पीस मी तिथंच ठेवलं, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे म्हणून (आणि खरं सांगायचं तर सोबत वनरक्षक होता म्हणून).

माद्या शेजारी ठेवल्या तर चुकायला जागाच नाही. लालची मादी साधी विटकरी-तपकिरी. राखीच्या मादीची छाती पांढरी, प्रत्येक पिसाला गडद कड, जणू खवले. आणि तिचे पाय पिवळे!

लहानपणी, कायदा-बियदा घरात कुणाला ठाऊक नव्हता तेव्हा, चुलत्यांनी रानकोंबडीची चार अंडी आणून खुडूक कोंबडीखाली घातली होती. चारही फुटली. पिल्लं दिसायला आमच्याच पिल्लांसारखी, पण आई कुकुक करून बोलवायची तर ही आधी डालग्यामागे दडायची. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी कुंपणावर चढली आणि गेली. कोंबडी दिवसभर कुंपणाखाली ओरडत होती.

कान्हाहून आल्यावर पायांचं वाचलं. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा, हे बरोबर. पण 2008 साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की कातडी पिवळी करणारं जनुक बहुधा आपल्या राखीकडून आलंय. खाद्यातला पिवळा रंग कातडीत मोडून टाकायचं काम ज्या जनुकाचं, ते पिवळ्या पायांच्या कोंबडीच्या कातडीत मंद असतं. म्हणून मक्याचा पिवळेपणा पायांत उतरतो. मी मक्याचं भरडलेलं खाद्य विकतो आणि पिवळे पायही विकतो, तरी दोन्हीचा संबंध लावला नव्हता.

परवा एका गिऱ्हाइकाला हे सगळं सांगायला घेतलं. त्यानं कोंबडीचा पाय नखानं खरवडून बघितला, रंग लावलाय का म्हणून.

"मास्तर, ते राहू द्या. वजन किती भरतंय?"

दीड किलो भरलं.