बंब उशिरा तापतोय? आधी नळी बघा

थंडी पडली की जळगाव-धुळ्याकडे माळ्यावरचे तांब्याचे बंब खाली उतरतात आणि तक्रार सुरू होते: लाकडं संपतात, पाणी मात्र कोमटच. मग लोक आणखी लाकडं कोंबतात. त्यानं काही साधत नाही.

20 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला 800 किलोकॅलरी लागतात. किलोभर वाळक्या लाकडात 3,500 च्या आसपास असतात. हिशेबानं पाव किलो पुरे. जळतं त्याच्या कितीतरी पट, कारण बाकीची धग बंबाच्या मधल्या, पाण्यातून जाणाऱ्या नळीतून वर निघून जाते. तिला पाण्यात उतरू न देणारे थर दोन: नळीच्या आत काजळी, पाण्याच्या बाजूला क्षार.

काजळी काढणं सोपं. बंब थंड असताना काठीला काथ्या बांधून नळी वरून खालपर्यंत घासा. तारेचा ब्रश नको, तांबं मऊ असतं. नंतर खाली आरसा धरा. नळीतून उजेड स्वच्छ दिसला पाहिजे. जाळीत अडकलेली राखही पाडा, नाहीतर हवा येत नाही आणि नुसता धूर होतो.

क्षाराला वेळ द्यावा लागतो. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यानं नळीवर पांढरं कवच चढतं. किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड लिटरला 30 ग्रॅम घ्या, म्हणजे 20 लिटरला 600. कोमट पाण्यात विरघळवून तीन-चार तास ठेवा, काठीनं हलवा, मग तीनदा खळखळून धुवा. संडास-बाथरूमचं ॲसिड चुकूनही घालू नका. ते तांब्याला आणि डाखाला, म्हणजे सांधे जोडणाऱ्या झाळणाला, खातं.

जळणाचंही बघा. नुकत्याच उपटलेल्या पऱ्हाट्यांत, म्हणजे कापसाच्या झाडांच्या काड्यांत, ओल असते. काही धग ती ओल उडवण्यातच जाते आणि काजळीही दाट धरते. वाळल्या पऱ्हाट्या भडकन पेटतात नि तितक्याच लवकर विझतात. त्यांच्यावर पेटवण करा, पुढे बाभळीची चार ढलपी लावा. निखारे झाले की नळीचं तोंड अर्धं झाका. पूर्ण झाकलंत तर धूर खालून बाहेर येईल.

पाणी भरल्याशिवाय जाळ कधीच करू नका. डाख वितळून नळी सुटते. पाणी ओतायचं तोंडही घट्ट बंद करू नका, वाफेला वाट हवी. आणि बंब अंगणातच पेटवा. बंद न्हाणीघरात निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, माणूस जातो.