तुम्ही विचारलंत म्हणून : बातमीत मालकाचं नाव का येत नाही?

दरवर्षी जानेवारीत, सोलापूरची गड्ड्याची यात्रा उठायच्या आत, दोन-चार कारखानदार तरी मला, त्यांची प्रसिद्धी सांभाळणाऱ्याला, धरतातच. "स्पर्धेत एवढे पैसे घातले आणि पेपरात आमचं नावच नाही? मग तुम्ही केलंत काय?" काहीजण आवाज खाली आणून पुढचंही विचारतात, "पाकीट द्यावं लागतं का?"

पाकीट देत नाही. कधीच दिलेलं नाही. बाकीचं आज लिहून मोकळा होतो.

कमान, बॅनर, छातीवरचा नंबर, बक्षिसाचा तो दारभर चेक, सगळीकडे तुमचं नाव असतं. पण फोटोग्राफर चेहरा पकडतो आणि उरलेली कडा डेस्कवर कापली जाते. 'नाव हवंय तर जाहिरात द्या' हे तर ठरलेलं उत्तर. 2008 पासून आयपीएलच्या पुढे डीएलएफ, पेप्सी, विवो, ड्रीम11, टाटा अशी पाच नावं लागली; पार्क चौकातला चहावाला अजून 'आयपीएल'च म्हणतो. 1996 च्या विश्वचषकाचं अधिकृत पेय कोका-कोला होतं, लोकांच्या लक्षात राहिली ती पेप्सीची 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' ही खोडी. त्यांची ही गत, तर आपल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीचं काय घेऊन बसलात?

हे सगळं मी मालकांना ऐकवतो. एक गोष्ट मात्र ऐकवत नाही.

काही वर्षांपूर्वी टर्किश टॉवेल बनवणारे एक मालक प्रायोजक होते. मला वाटलं, सोलापुरात याहून सोपं काम नाही. घामाघूम विजेती, गळ्यात टॉवेल, टॉवेलावर लोगो. ही कडा कोण कापणार? प्रेसनोट आदल्या रात्रीच तयार होती. कंपनीचं नाव तीनदा, विजेत्यांच्या जागा मोकळ्या.

मुलींमध्ये पहिली आलेली पोर मंगळवेढ्याकडची होती. रेषा ओलांडली आणि गुडघ्यांवर हात टेकून ओकारी काढायला लागली. मी टॉवेल घेऊन धावलो. लोकांना वाटलं, तोंड पुसायला. मी तो तिच्या गळ्यात घातला, दोन्ही टोकं छातीवर नीट ओढली, लोगो सरळ केला आणि म्हणालो, "बाळ, जरा वर बघ." तिचे वडील बाजूला बाटली घेऊन उभे होते. "साहेब, आधी पाणी पिऊ द्या की तिला." मी म्हणालो, "दोनच मिनिटं, अण्णा."

फोटो झकास आला. मोकळी जागा भरायला बसलो तेव्हा तिचा नंबर मला आठवेना. फोटोत बघितला तर टॉवेलाखाली झाकलेला. शेवटचा आकडा अर्धाच दिसत होता. तीन की आठ? मी तीन धरला. 113 ही दुसरी आलेली मुलगी निघाली.

सकाळी चार कॉलमी फोटो, लोगो लख्ख, आणि खाली दुसरीचंच नाव. मालकांनी पेढे पाठवले. दुपारी वडील एसटीनं आले. भांडले नाहीत. पेपरच्या पाच प्रती घेतल्या होत्या त्यांनी. "दुरुस्ती छापून येईल ना?" एवढंच विचारलं. मी येईल म्हणालो. खुलासा पाठवलाही, तो छापून आला नाही. मी दुसऱ्यांदा फोन केला नाही, कारण त्या आठवड्यात मालकांना हिशेब द्यायचा होता : बातमीची लांबी-रुंदी मोजायची आणि जाहिरातीच्या दरानं गुणायची. हा हिशेब खोटा आहे, हे आमच्या जनसंपर्काच्या धंद्यातल्या जाणत्या लोकांनी बार्सिलोनात 2010 लाच जाहीर केलंय. मलाही ते ठाऊक होतं. तरी गुणलंच.

तेव्हाचा मी आजही वाद घालतो : प्रायोजक नसता तर शर्यतच झाली नसती, पोरीला बक्षीस कुठून मिळालं असतं? बक्षिसाचे पैसे खरेच होते, चेक वटला. याला माझ्याकडे उत्तर नाही. पण पाणी दोन मिनिटं आधी दिलं असतं तर टॉवेल काही पळून जात नव्हता.

परवा नवे एक मालक आले होते. जुनी कामं बघू म्हणाले. मी फाइल काढली. ते कात्रण अजून पहिल्याच पानावर आहे. फोटोखालची ओळ तेवढी मागं दुमडून ठेवली आहे.