एकाच फोटोत निळी आणि हिरवी

येवल्यातल्या विणकर कुटुंबांना मोबाईलवर साड्यांचे फोटो काढायला शिकवायचं काम मी करते. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण आज बरीच गिऱ्हाइकं साडी पहिल्यांदा बघतात ती व्हॉट्सॲपवर. तिथे फोटो फसला, तर महिनोन्‌महिने मागावर बसलेल्या माणसाची कला समोरच्यापर्यंत पोचतच नाही. मला याची फार चुटपुट लागते.

त्या दिवशी ज्या घरी गेले तिथे एक ऑर्डर अडकली होती. साडी मोरपंखी धूपछांव. उभा धागा निळा, आडवा हिरवा. सुनेने दोन फोटो पाठवले होते आणि पुण्याच्या बाईंनी विचारलं होतं, "एकात निळी दिसते, एकात हिरवी. नक्की कोणती पाठवणार?" त्यावर काय लिहायचं हे तिला सुचत नव्हतं.

फोटो बघितले. साडी पलंगावर फुलाफुलांच्या चादरीवर पसरलेली, वर ट्यूबलाईट, शेजारच्या दारातून दिवसाचा उजेड. असे दोन तऱ्हेचे उजेड एकत्र आले की फोनला पांढरं कशाला म्हणायचं तेच ठरवता येत नाही आणि सगळे रंग सरकतात. त्यात फ्लॅश. काठाची सोनेरी जर पार पांढरी पडली होती.

आधी लेन्स पुसायला लावली. दिवसभर हातात असलेल्या फोनच्या काचेवर बोटांचा तेलकटपणा असतोच, आणि त्याने जरीचं काम धुरकट येतं. मग ट्यूबलाईट बंद केली, फ्लॅश बंद केला आणि साडी ओसरीवर, दाराशी आणली. ऊन अंगावर नको, नुसता उजेड हवा, तोही एका बाजूने. समोरून उजेड पडला तर विणकाम सपाट दिसतं. बाजूने आला की धाग्याधाग्याची बारीक सावली पडते आणि पदरावरचा मोर उठून येतो.

मग जरीवर बोट दाबून धरायला सांगितलं. चौकोन आला, फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद झाले. शेजारचं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढलं. आत्तापर्यंत पांढरा पट्टा दिसणारा काठ एकदम सोनेरी झाला, काठावरच्या नारळी नक्षीची टोकं वेगवेगळी मोजता येतील इतका. सून म्हणाली, "मॅडम, हे तर आमच्या डोळ्याला दिसतं तसंच आलं!"

पण साडी अजून निळीच होती. दुसऱ्या बाजूने काढला की हिरवी. धूपछांवीत उभे आणि आडवे धागे वेगळ्या रंगाचे असतात, त्यामुळे तुम्ही कुठून बघता आणि उजेड कुठून येतो यावर कोणता रंग वर येणार ते ठरतं. साडी हातात असली की ती हलते आणि दोन्ही रंग दिसतात. फोटोत ती एकाच बाजूने उभी राहते. मी व्हिडिओ काढून पाठवा म्हणणार होते.

तेवढ्यात मागावर बसलेल्या सासूबाई बोलल्या. आडवा धागा नेणारा धोटा हातातच होता. "सपाट कशाला टाकता गं? चुण्या पाड ना. दुकानात दाखवताना असंच दाखवतो आम्ही." आणि उठून त्यांनीच साडी दोन्ही हातांनी गोळा केली, तीन-चार सैल चुण्या घातल्या आणि खाली ठेवली. चुणीचा एक उतार निळा, दुसरा हिरवा, माथ्यावर दोन्ही मिसळून मोरपंखी. फोन, ॲप, सेटिंग, काही लागलं नाही. मी थक्क होऊन बघत राहिले. कापडावर उजेड कसा फिरतो हे त्या बाईंना माझ्याहून कितीतरी आधीपासून माहीत होतं.

मग माझं काम सोपं झालं. स्क्रीनवर ग्रिड, म्हणजे उभ्या-आडव्या रेघांची जाळी, लावली. चुण्या चौकटीत कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरप्या नेल्या आणि मोराचा डोळा रेघा छेदतात तिथे आणला. अंगाचा साधा भाग एका बाजूला मोकळा सोडला. सुनेला दोन पावलं मागे जाऊन थोडं झूम करायला सांगितलं, कारण फार जवळून काढलं की फोनच्या रुंद लेन्समध्ये काठ वेडावाकडा होतो. चादर काढली, खाली शहाबादी फरशीच राहू दिली. तिच्या राखाडीवर रंग खुलले. मोकळी जागा बघून सून म्हणाली, "एवढं रिकामं?" मी म्हटलं, राहू दे, नजर मोरावर जाईल.

शेवटी साडीचा कोपरा उलटा दुमडून एक फोटो घेतला. हातमागावरच्या पैठणीत मोर मागच्या बाजूनेही जवळपास तसाच दिसतो. यंत्रावरच्या नकलेत तिथे सुटे धागे लोंबतात. सुलट आणि उलट एकाच चौकटीत आली की गिऱ्हाइकाला वेगळं सांगावं लागत नाही. हे फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला लावले, नाहीतर व्हॉट्सॲप ते दाबून बारीक करतं आणि जरीचं काम पुसट होतं.

सुनेने चुण्यांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं: "ताई, दोन्ही रंग एकाच साडीचे आहेत." पुण्याहून लगेच उत्तर आलं. त्यांना आता पूर्ण पदराचा फोटोसुद्धा असाच, चुण्या पाडून हवा होता.