भरतीची दोरी आणि तो कप

आमच्याकडं बेळगाव-खानापूर भागात पोरगं बारावी झालं की पहिलं भरतीचंच बघतंय. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावातच, पहाटे बूट वाजवत पळणारे जवान बघत बघतच मोठे झालोय आम्ही, त्यामुळं सतरावं लागल्यापासून मीपण पळायला लागलो. साडेचारला उठायचं, येळ्ळूरला जाऊन राजहंसगडाचा चढ पळत चढायचा. खाली आल्यावर पोरं मारुतीला हात जोडायची, मी बाजूला डोळे मिटून प्रभूचं नाव घ्यायचो. कुणाला कधी काही वाटलं नाही, उलट माझी प्रार्थना लांबली तर थांबायची पोरं.

चर्चमध्ये मोहाबद्दल ऐकताना माझ्या डोळ्यासमोर दारू, पत्ते असलंच काहीतरी यायचं. ते आपल्याला लागू नाही असं पक्कं वाटायचं. माझा मोह इंजेक्शनच्या बाटलीतनं आला.

एका गावच्या यात्रेत पाच किलोमीटरची स्पर्धा होती. माझा उजवा गुडघा दोन महिने दुखत होता, चढ उतरताना तर आतून कुणीतरी सुई फिरवल्यासारखं व्हायचं, पण कुणाला बोललो नव्हतो, कारण बोललो असतो तर आईनं पळणंच बंद केलं असतं. ग्राउंडवरचा एक सीनियर म्हणाला, "काय विचार करूलास बे, सगळीच घेतात." घेतलं. पहिला आलो. रात्री तीनपर्यंत झोप नाही, उशीवर कान टेकला की काळजाचे ठोके कानात धाडधाड ऐकू यायचे. ऑपरेशनमध्ये पेशंटचा बीपी पडला तर देतात त्यातलं ते औषध, हे मला फार नंतर कळलं.

पण खरा त्रास पुढंच होता. आईनं तो कप फळीवर बायबलच्या शेजारी ठेवला, खाली क्रोशाचा रुमाल घालून. रोज रात्री घरी प्रार्थना असते आमच्या, आणि रोज रात्री आई त्या कपासाठी देवाचे आभार मानायची. मी शेजारी बसून आमेन म्हणायचो. तीन आठवडे म्हणालो, मग नाही जमलं, तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. कप पदरानं पुसला, कपाटात कपड्यांच्या खाली ठेवला आणि म्हणाली, "सकाळी उठायचं हाय न्हवं तुला? झोप." साडेचारला चहा घेऊन उठवायला तीच आली.

नंतर भरती आली, वयात बसणारी माझी शेवटची. आदल्या रात्री आम्ही पंचवीस-तीस पोरं एका हॉलमध्ये झोपलेलो, तिथंपण तेच निघालं. एकजण हळूच प्रत्येकाला विचारत फिरत होता. गुडघा ठणकत होताच. खोटं कशाला बोलू, हात पुढं करावा असं वाटलं. बायबलात पौल करिंथकरांना लिहितो ना, की देव मोहाबरोबर त्यातनं निभावण्याचा मार्गपण देतो, मला वाटायचं तो मार्ग म्हणजे आतून काहीतरी मोठी शक्ती वगैरे येत असेल. माझा मार्ग म्हणजे चादर आणि पायऱ्या. चादर उचलली, बाहेर पायरीवर जाऊन पडलो, थंडी मरणाची होती पण आत गेलो नाही.

सकाळी १६०० मीटर. तेव्हा साडेपाच मिनिटात आलास तर पहिला ग्रुप, ५ मिनिटं ४५ सेकंदापर्यंत दुसरा, त्यानंतर मागच्यांना अडवायला जवान दोरी ओढायचे. शेवटच्या वळणावर गुडघा गेला. दोरी ओढली तेव्हा मी पंधरा पावलं मागं होतो.

खोटं पळालो तेव्हा कप, खरं पळालो तेव्हा दोरी. हे देवाला मी किती वेळा विचारलं असेल. कितीतरी महिने चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचो, गाणी सुरू झाली की तोंड बंद. आजपण याचं उत्तर माझ्याकडं नाही आणि ज्यांच्याकडं आहे असं वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

त्या दिवसात आमच्या पाळकसाहेबांनी एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूबद्दल सांगितलं. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरच्या हीट्स, म्हणजे पहिल्या फेऱ्या, रविवारी, देवाच्या दिवशी होत्या म्हणून पळाला नाही आणि ४०० मीटरला ४७.६ सेकंदात गोल्ड, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतंय. तो लंडन मिशनरी सोसायटीचा मिशनरी झाला, म्हणजे १८२० ला आमच्या बेळगावात आलेली तीच सोसायटी, हे ऐकून मला उगाच जवळचा वाटला तो. पण मला धरून ठेवलं ते पुढच्या गोष्टीनं. चीनमध्ये जपान्यांच्या छावणीत कैद असताना तो तिथल्या पोरांचे खेळ घ्यायचा, आणि रविवारी पोरं आपसात मारामारी करायला लागली तेव्हा त्यानं रविवारीसुद्धा रेफ्री व्हायचं कबूल केलं. १९४५ च्या फेब्रुवारीत तिथंच वारला, सुटका काही महिन्यांवर होती. त्याला कुणी गोल्ड दिलं नाही तिथं.

आता मी सकाळी दहा-बारा पोरांना पळवतो. रविवारीपण, नऊच्या उपासनेआधी. येशूकडं सैतान बाप्तिस्म्याच्या दिवशी आला नाही, चाळीस दिवस उपाशी राहून भूक लागली तेव्हा आला, हे मी किती वर्षं वाचत होतो पण माझ्या गुडघ्याशी त्याचा संबंध लावलाच नव्हता. म्हणून पोरांना आधी विचारतो, जेवलास का, झोपलास का, कुठं दुखतंय काय. दुखतंय म्हणाला की त्या दिवशी पळायचं नाही. लपवलेलं दुखणंच बाटलीवाल्याला बरोबर सापडतंय.

परवा त्यातला एक थांबला, पुढच्या महिन्यात भरतीची रॅली आहे त्याची. खाली बघत म्हणाला, "दादा, एकदाच घेतलं तर काय हुतंय?" त्याला घरी घेऊन गेलो. आईनं कुंदा दिला, मी कपाटातनं तो कप काढून त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, कप, आमेन, दोरी. ऐकताना तो अंगठ्यानं कपाची कड घासत होता. सोनेरी रंग सुटून अंगठ्याला लागला. त्यानं तो पँटला पुसला आणि म्हणाला, "दादा, माझीपण पोटरी दुखतीया, तीन आठवडे झाले."