पासवर्डचं विरजण

रोमन लिपीत 'गजानन' लिहिलं की सात अक्षरं भरतात. वायफायच्या पासवर्डला किमान आठ लागतात. शेगावची वारी ज्यांच्या घरात आहे अशा वऱ्हाडात या एका अक्षराच्या तुटीने बरीच गंमत केली आहे. कोणी आधी 'जय' लावतो, कोणी शेवटी एक आकडा चिकटवतो, कोणी सरळ १२३ ठोकून मोकळा होतो. जास्तीत जास्त ६३ अक्षरं चालतात, म्हणजे आरतीची एखादी अख्खी ओळ बसेल. पण ती टाइप कोण करणार?

पासवर्ड ठरतो तोच मुळी घाईत. तार ओढून झालेली असते, जोडणी करायला आलेला पोरगा "लवकर सांगा" म्हणत दारात उभा असतो, आणि घरातला शिकलेला मुलगा सुचेल ते सांगून टाकतो. पुढे हा मुलगा नोकरीला पुण्याला जातो. मागे राहिलेल्या कोणालाच पासवर्ड आठवत नाही, कारण आठवण्याची वेळच येत नाही. मग महालक्ष्म्यांच्या जेवणाला घर भरतं, मोबाईलचा टॉवर ओट्यावर येतो तर माजघरात जातो, आणि भाचा विचारतो, "मामाजी, वायफायचा पासवर्ड काय हाये?" मामाजी म्हणतात, "मले काय माहीत बाप्पा, माह्या फोनले तं आपोआपच लागते."

मामाजींना माहीत नसलं तरी त्यांच्या फोनला माहीत असतं, आणि विचारायची रीत कळली तर तो सांगतोही. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून ही सोय फोनमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्क आणि इंटरनेट, त्यात वायफाय, आणि जोडलेल्या नावासमोरचं दातेरी चक्राचं चिन्ह. आत 'शेअर करा' दिसतं. ते दाबलं की फोन बोट किंवा पिन मागतो आणि काळ्यापांढऱ्या चौकोनांचा क्यूआर कोड समोर येतो. बऱ्याच फोनमध्ये त्याच्याखाली पासवर्डही स्वच्छ अक्षरात लिहिलेला असतो. सॅमसंगमध्ये हाच रस्ता 'कनेक्शन्स'मधून जातो. रेडमीच्या पुष्कळ फोनांत जोडलेल्या नावावरच बोट ठेवलं की कोड उघडतो, पण खाली पासवर्ड लिहिलेला नसतो. बोट मागतो ते बरंच आहे, नाहीतर टेबलावर ठेवलेला फोन उचलून कोणीही पासवर्ड पाहून घेईल. ज्या फोनला लॉकच नाही, तो मात्र बहुधा काही न विचारता सगळं दाखवतो.

आयफोनवाल्यांना २०२२ च्या आयओएस १६ पर्यंत वाट पाहावी लागली. आता सेटिंग्ज, वायफाय, नावासमोरचं गोलातलं 'आय' आणि मग 'पासवर्ड' या ओळीवर बोट, एवढं पुरतं. वायफायच्या पानावर वर 'एडिट' दाबलं तर पूर्वी कधी जोडलेल्या सगळ्या जागांची यादी निघते: सासुरवाडी, तालुक्याचं झेरॉक्स सेंटर, नागपूरचं लॉज. अँड्रॉइडच्या काही फोनांतही 'सेव्ह केलेली नेटवर्क' अशी यादी असते आणि तिथून कोड काढता येतो. लाइन गेल्यामुळे राउटर बंद असला तरी यादी फोनमध्येच असते, त्यामुळे लोडशेडिंगमध्येही पासवर्ड सापडतो. त्या वेळी तो कामाचा नाही, ही गोष्ट वेगळी.

क्यूआर कोडमध्ये गूढ काही नाही. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत १९९४ मध्ये तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तयार झाला. वायफायच्या कोडात साधी एक ओळ कोंबलेली असते: आधी 'वायफाय' हा शब्द, मग टी म्हणजे सुरक्षेचा प्रकार, एस म्हणजे नेटवर्कचं नाव आणि पी म्हणजे पासवर्ड. रेडमीवाल्यांनी इथेच युक्ती करावी. कोडचा स्क्रीनशॉट काढायचा, गुगल लेन्समध्ये (फोटोतला कोड वाचणारं गुगलचं ॲप) उघडायचा, आणि रोमन 'पी' नि दोन टिंबांच्या पुढे अर्धविरामापर्यंत जे आहे ते वाचायचं. तोच पासवर्ड. पासवर्डात मुळातच अर्धविराम, स्वल्पविराम किंवा दोन टिंबं असतील तर त्यांच्या आधी एक उलटी तिरकी रेघ दिसते. ती कोडाची, पासवर्डाची नव्हे. आणि हा स्क्रीनशॉट कुठल्याशा वेबसाइटवर चढवून वाचून घेऊ नये. कोड म्हणजे कुलूप नव्हे, उघड्यावर लिहिलेला पासवर्डच आहे.

अँड्रॉइड ९ किंवा त्याहून जुना फोन असेल तर हे बहुधा जमत नाही. 'सेव्ह पासवर्ड दाखवतो' म्हणणारी ॲप पुष्कळ आहेत, पण फोन रूट केल्याशिवाय, म्हणजे त्याची आतली बंधनं तोडल्याशिवाय, त्यांना पासवर्ड साठवलेली फाइल वाचताच येत नाही. ती जाहिराती दाखवतात आणि वरून फोनमधली नको ती परवानगी मागतात. त्यापेक्षा राउटर उलटा करून स्टिकर बघावा. स्टिकरवर बऱ्याचदा दोन पासवर्ड असतात, एक वायफायचा आणि एक राउटरच्या सेटिंगचा. लोक नेमका दुसरा टाकतात आणि "लागत नाही" म्हणतात. जोडणीच्या दिवशी पासवर्ड बदलला असेल तर स्टिकरवरचा पहिलाही उपयोगाचा नाही. घरात विंडोजचा लॅपटॉप जोडलेला असेल तर तोही नेटवर्कच्या गुणधर्मांत पासवर्ड दाखवतो.

तोंडी सांगण्याची पद्धत अजून सुटलेली नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. "आर मोठा की लहान?" हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो, कारण पासवर्डाला मोठं आणि लहान अक्षर वेगळं. शून्य आणि ओ, एक आणि लहान एल यांची गफलत ठरलेली. सर्वांत छुपा शत्रू म्हणजे शेवटची रिकामी जागा. व्हॉट्सॲपवरून पासवर्ड कॉपी केला की एखादी स्पेस मागे येते, दिसत नाही, आणि फोन 'पासवर्ड तपासा' म्हणत राहतो. टाकताना डोळ्याचं चिन्ह दाबून अक्षरं उघडी करावी आणि कर्सर शेवटी नेऊन एकदा मागे खोडून बघावं.

पासवर्ड बरोबर असूनही न लागण्याची कारणं निराळी. नाव यादीत दिसतच नसेल तर राउटर बहुधा फक्त ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालू असतो आणि पाहुण्यांचा जुना फोन २.४ गिगाहर्ट्झच्याच ऐकतो. पांढऱ्या मातीच्या दीड-दीड हात जाड भिंती आणि वर टिनाचं छप्पर असलेल्या घरात तर ५ गिगाहर्ट्झ माजघर ओलांडतानाच दमतो, २.४ तेवढा चिवट. फोन 'कनेक्टेड' म्हणतो पण 'इंटरनेट नाही' असंही म्हणतो, तेव्हा पासवर्डाला दोष देऊ नये. रिचार्ज संपलेला असतो, नाहीतर रस्त्याच्या कामावर जेसीबीने केबल तोडलेली असते.

किराणा दुकानात, सेवा केंद्रात कोड छापून लावण्याची टूम चांगली आहे. ई-पीक पाहणीचे फोटो चढवायचे असोत की कापसाच्या विक्रीसाठी ॲपवर नोंदणी करायची असो, माणसं आधी जिथे नेट मिळेल तिथे जमतात. छापताना पांढऱ्यावर काळा छापावा आणि भोवतालची पांढरी कड कात्रीने उडवू नये, कॅमेऱ्याला ती लागते. कोड कसा बनवला त्यावर ७ ते ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचला जातो, म्हणून धूळ किंवा एखादा डाग त्याला चालतो. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन मात्र शाबूत हवेत. नवी वस्तू आली की हळदकुंकू लागणारच, फक्त बोट मधे टेकवावं, कोपऱ्यावर नको. आणि शेजारी पैशांचा कोड असेल तर वर मोठ्या अक्षरात 'वायफाय' लिहावं, नाहीतर लोक पैसे भरायच्या ॲपने तोच स्कॅन करतात आणि कोड अवैध म्हणून दुकानदाराशी भांडतात.

आता देण्याघेण्याचं. गावात विरजणाला कोणी नाही म्हणत नाही. चमचाभर दिलं की शेजारीण त्यावर रोजचं दही लावते, उरलं तर तिसऱ्या घरी देते, आणि मूळ विरजण कोणाचं हे विचारायला कोणी येत नाही. पासवर्ड असाच फिरतो. भाच्याने कोड स्कॅन केला की त्याच्या फोनमधूनही 'शेअर करा' निघतं. त्याने मित्राला दाखवला, मित्राने स्क्रीनशॉट भावकीच्या ग्रुपवर टाकला, की पाराखाली बसलेली पोरं संध्याकाळी तुमच्या नेटवर क्रिकेट बघतात. दिलेलं परत मागायची सोय यात नाही. शिवाय त्या नेटवरून कोणी भलतंसलतं केलं तर चौकशी कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारी येते.

नाही म्हणवत नाही, म्हणून राउटरमधलं 'गेस्ट नेटवर्क' हा उत्तम तोडगा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा स्टिकरवर जो पत्ता असेल तो टाकला की सेटिंगचं पान उघडतं. पाहुण्यांसाठी वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि सण आटोपला की तेवढंच बंद. घरच्या नेटवर्कचा पासवर्ड बदलायचा म्हणजे टीव्ही, कोठ्यावरचा कॅमेरा, मुलांचा टॅब, सगळ्यांना नव्याने जोडत बसावं लागतं, आणि कॅमेऱ्याचं तर शिडी लावल्याशिवाय होत नाही. राउटरच बदलला असेल तर मात्र नव्यालाही जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा. सगळी यंत्रं बहुधा मुकाट्याने जोडली जातात.

एवढं करूनही पासवर्ड सापडला नाही तर कोणीतरी सुचवतंच, "मागच्या छिद्रात काडी घाल न." ते रीसेटचं बटण दहा सेकंद दाबलं की स्टिकरवरचा पासवर्ड परत येतो हे खरं, पण त्याबरोबर कंपनीने भरलेलं युजरनेम आणि जोडणीची सेटिंगही बऱ्याच राउटरमध्ये पुसली जाते. वायफाय लागतं आणि इंटरनेट येत नाही. मग तालुक्याच्या त्या जोडणीवाल्या पोराला फोन करायचा, आणि सणाच्या दिवसांत तो म्हणतो, "परवा येतो." काडी घालायच्या आधी सेटिंगच्या पानावरचं युजरनेम वहीत लिहून घ्यावं, आणि कंपनीकडून त्याचा पासवर्डही विचारून ठेवावा.