गुरुवारी आनंदाची

वांद्रे टर्मिनसहून तामिळनाडूतल्या वेलंकनीला, येशूच्या आईच्या म्हणजे मारियेच्या यात्रेला जाणारी स्पेशल गाडी वसई रोडला येते रात्री साडेदहाच्या सुमारास. 2025 च्या ऑगस्टमध्ये तिची तारीख नेमकी गणेश चतुर्थीची निघाली. आमच्या गास गावाहून स्टेशनला निघालो तर मांडवांमुळे रिक्षावाल्याला दोनदा रस्ता बदलावा लागला. एका मांडवासमोर आरती संपेपर्यंत आम्ही थांबून राहिलो. सासूबाई टाळ्यांचा ठेका धरून बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, अंगावर लाल लुगडं, पायात नातवाचे जुने कॅनव्हासचे बूट. मांडीवर एक पिशवी, त्यात शेजारच्या काकूंनी निघताना कोंबलेला मोदकांचा डबा आणि त्यांनीच दिलेली माउलीची ओटी: खण, नारळ, हिरव्या बांगड्या.

दुसरी पिशवी माझ्याकडे होती. चिठ्ठ्यांची. गावातून कुणी वेलंकनीला निघालं की आळीतले सगळे आपापलं मागणं लिहून देतात, हा रिवाजच आहे. कुणी दहा रुपयांची नोट गुंडाळून देतो, कुणी मेणबत्तीचे पैसे. मी मोजल्या, तेवीस निघाल्या.

माझी स्वतःची चिठ्ठी नव्हती. यात्रेच्या आदल्या वर्षी ऐन पावसाळ्यात माझा नवरा गेला. एकावन्न वर्षांचा होता. सकाळी वाडीत केळींच्या बुडाशी साचलेलं पाणी काढायला गेला आणि तिथंच बसला तो बसलाच. तेव्हापासून चर्चमधली रविवारची उपासना, मिस्सा, मी चुकवलेली नाही, पण खरं सांगायचं तर तिथं नुसती बसून येते. ओठ हलतात. त्यापलीकडे काही नाही. आईंनी (मी त्यांना आईच म्हणते) जूनमध्ये जाहीर केलं, "मला वेलंकनीला जायचंय, आणि तू येणार." कारण विचारायची सोय आमच्या घरात नाही.

कारण मला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. 1980 मध्ये त्या एकदा गेल्या होत्या. माझा नवरा तेव्हा सात वर्षांचा होता, टायफॉइडनं अंथरुणाला खिळलेला. बरा झाला तर घेऊन येईन, असा नवस त्यांनी केला होता. तेव्हा मद्रासला गाडी बदलायची, मग मीटरगेजनं नागपट्टणम, पुढं बस. वेलंकनीपर्यंत रूळ पोचले ते 2010 मध्ये. पोराचे केस तिथं उतरवले, समुद्रात त्याला बुडवून काढलं आणि घरी आणलं. तो गुळगुळीत डोक्याचा फोटो अजून आमच्या ओटीवर आहे.

दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस, असा हा प्रवास. सोलापूरनंतर उजाडलं. आमच्या डब्यात वसईचे, वांद्र्याचे, कुर्ल्याचे लोक, दोन मंगळुरी कुटुंबं, एक गोव्याच्या म्हाताऱ्या बाई. सुकटीची चटणी, उकडलेली अंडी, भाकऱ्या, आणि आईंनी खास जपून आणलेली सुकेळी. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ही आमच्या वसईची मिठाई. आता करणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. वाडीच्या जागी इमारत उभी राहिली की सुकेळी कोण वाळवणार? असो. वाडीनंतर रायचूरच्या आधी कृष्णा लागली. ती दुथडी भरून चालली होती आणि सगळा डबा खिडकीला चिकटला.

संध्याकाळी रोझरी सुरू झाली आणि आईंचं भांडणही.

दिवस गुरुवारचा. डब्यातला एक तरुण मुलगा पुढाकार घेऊन म्हणाला, "आज प्रकाशाची रहस्यं." कॅथलिक नसलेल्या वाचकांसाठी सांगते: रोझरी म्हणजे नुसते मणी ओढणं नव्हे. दहा-दहा मण्यांचे पाच फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला येशूच्या किंवा मारियेच्या आयुष्यातला एकेक प्रसंग डोळ्यांपुढं आणायचा. त्या प्रसंगांना रहस्यं म्हणतात. आनंदाची पाच, दुःखाची पाच, गौरवाची पाच, आणि कुठल्या वारी कुठली हे ठरलेलं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2002 मध्ये त्यात प्रकाशाची पाच घातली आणि गुरुवार त्यांना दिला. त्याआधी गुरुवार आनंदाचा होता.

आईंच्या लेखी अजूनही आहे.

"आज गुरुवार. आनंदाची," त्या वरच्या आवाजात म्हणाल्या. (त्या बोलतात कादोडीत, आमच्या वसईकडच्या बोलीत, मी इथं सगळ्यांना कळेल अशा मराठीत लिहिते आहे, त्यातली फोडणी जाते याची मला कल्पना आहे.)

"आजी, आता बदललंय ते."

"तुझ्यासाठी बदललं असेल. तेवीस वर्षांत मला कुणी विचारायला आलं नाही."

डबा हसला. शेवटी तोडगा असा निघाला की सगळे प्रकाशाची म्हणणार आणि आजी मनात आनंदाची. मण्यामण्याला म्हणायची प्रार्थना, नमो मारिया, दोन्हीकडे तीच, त्यामुळे आवाजात काही फरक पडत नाही. पहिला फेरा मराठीत, दुसरा कोंकणीत, तिसरा इंग्रजीत, चौथा सिकंदराबादच्या एका जोडप्यानं तेलुगूत. जो तो आपापल्या भाषेत उत्तर देत होता. "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी" हे शब्द डब्यात चार ठिकाणी चार वेळा पडत होते, विहिरीत एकामागून एक खडे टाकावेत तसे.

मी आईंच्या शेजारी बसून त्यांच्या बोटांकडे बघत होते. या बाईनं चाळीस वर्षं पहाटे तीनला उठून मोगऱ्याचे गजरे केले आणि दादरच्या फुलबाजारात नेऊन विकले. दोऱ्यावर कळी सरकवण्याची जी लय त्यांच्या अंगठ्यात आहे, तीच मण्यावर. मग मला आनंदाची रहस्यं आठवून बघावीशी वाटली. देवदूताचा निरोप. मारियेनं अलीशिबेला भेटायला जाणं. गोठ्यातला जन्म. इथवर ठीक. चौथं, बाळाला मंदिरात अर्पण करणं. तिथं म्हातारा शिमोन त्या ओल्या बाळंतिणीला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. पाचवं, बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या गर्दीत हरवतो आणि आईबाप तीन दिवस त्याला शोधत फिरतात. याला आनंदाची म्हणायचं? लहानपणापासून शेकडो वेळा घोकलेलं हे, आणि ते कुणी कुठल्या खात्यात टाकलंय याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

शुक्रवारी, 29 ऑगस्टला, सकाळी वेलंकनी. दरवर्षी याच दिवशी संध्याकाळी झेंडा चढतो आणि 8 सप्टेंबरच्या मारियेच्या जन्मदिवसापर्यंत यात्रा चालते. गाडी परत रात्रीच निघणार होती, म्हणजे हाती एकच दिवस. तंजावर तिथून साधारण नव्वद किलोमीटरवर, भोसल्यांची राजधानी. मला तिथला मराठी शिलालेख बघायचा होता. राहिला.

स्टेशनपासून रस्ताभर भगव्या कपड्यांतले यात्रेकरू, कितीतरी अनवाणी, कित्येक दिवस चालत आलेले. पंढरीची वारी पाहिलेल्या माणसाला तिथं अजिबात परकं वाटणार नाही. मुंडन केलेली पोरं, डोक्याला चंदन. पांढऱ्याशुभ्र मनोऱ्यांची बॅसिलिका, तिच्यामागं थेट समुद्र. "बघ," आई म्हणाल्या, "आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, यांच्याकडे त्यातून वर येतो. यांचं सगळं आधी होतं."

आत वेदीवर आरोग्यमाता. जरीची साडी नेसलेली, कडेवर बाळ. सतराव्या शतकात वादळात सापडलेले पोर्तुगीज खलाशी इथं किनाऱ्याला लागले आणि त्यांनी कृतज्ञता म्हणून देऊळ बांधलं, अशी इथली परंपरा. त्यांनीच आणलेल्या चिनी मातीच्या बशा वेदीला जडवलेल्या आहेत, असं सांगतात. मिस्सा तामिळमध्ये चालू होती. मी आईंच्या कानात म्हटलं, काहीच कळत नाही. त्या म्हणाल्या, "लहानपणी लॅटिन तरी कुठं कळायचं? ओरा प्रो नोबिस, ओरा प्रो नोबिस म्हणत मोठी झाले. देवाला कळलं म्हणजे झालं."

दुकानांत पत्र्याचे नवस विकायला होते: हात, पाय, डोळे, घर, पाळणा, सोनेरी आणि चंदेरी. दुकानदारानं मराठी बोलणं ऐकून हिंदीत विचारलं, काय देऊ? त्याच्या हाताखाली हृदयांचा ढीग होता. तळहाताएवढी, मधे उठावाची, एकावर एक रचलेली. मी तिथून बाजूला झाले. आईंनी गुडघा घेतला, आमच्या समोरच्या घरातल्या मावशींसाठी, आणि किमतीवरून घासाघीस केली. नवसाच्या वस्तूची घासाघीस करू नये म्हणतात. आईंना ते पटत नाही.

बॅसिलिकेपासून मातेच्या तळ्यापर्यंत वाळूची वाट आहे, लोक ती गुडघ्यांवर चालतात. तळ्यापाशी एका गुराखी पोराकडे मारियेनं बाळासाठी दूध मागितलं, ही इथली सगळ्यात जुनी कथा. आईंनी बूट काढायला सुरुवात केली तेव्हा आमचं भांडण झालं. चक्क रस्त्यात. डॉक्टरांनी काय सांगितलंय, तुम्हाला काही झालं तर मी एकटी इथं काय करू, वगैरे. शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि आम्ही दोघी गप्प झालो.

"मग तू जा," त्या म्हणाल्या. "चिठ्ठ्या तुझ्याकडे आहेत."

मी गेले. वाळू मऊ दिसते, नसते. उन्हानं तापलेली, मधे मधे शिंपल्यांचा चुरा. आई शेजारून माझ्या डोक्यावर छत्री धरून चालत होत्या. स्वतःसाठी म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मी एकेक चिठ्ठी काढून वाचत पुढं सरकले. धाकटीला दिवस राहू देत. दहावीचं गणित. मर्चंट नेव्हीतला मुलगा सुखरूप येऊ दे. बांधाचा तंटा मिटू दे. म्हैस सापडली, आभार. सून बोलू लागली, आभार. एका चिठ्ठीत फक्त "माहीत आहेच" एवढं लिहिलं होतं. अक्षरं ओळखीची, माणसं ओळखीची. पंधराव्या-सोळाव्या चिठ्ठीच्या आसपास कधीतरी माझे ओठ आणि मी एका ठिकाणी आलो. कधी, ते नक्की सांगता येणार नाही. गुडघे इतके दुखत होते की रडायला वेगळं कारण शोधावं लागलं नाही.

दुपारी समुद्राकडे गेलो. वाटेत सुनामीत गेलेल्यांचं स्मारक. 26 डिसेंबर 2004, नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. किनारा यात्रेकरूंनी फुललेला होता. आमच्यातल्या एकानं मोठ्या भक्तिभावानं सांगितलं की लाट सगळीकडे घुसली, पण बॅसिलिकेच्या आत पाणी आलं नाही. चमत्कार.

आईंनी त्याच्याकडे बघितलं. "आणि वाळूवर होती ती कुणाची लेकरं होती?"

तो गडबडला. त्याला उत्तर येणार नव्हतं, मलाही येत नव्हतं, आणि आईंनी ते अडवून विचारलंही नव्हतं. स्मारकासमोर उभ्या राहून त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि मृतांसाठीची प्रार्थना म्हटली, सगळ्यांसाठी एकच. मग वाळूत बसून सुकेळ्याची पुडी सोडली.

तिथंच मी विचारलं, आपण कशासाठी आलो?

"हिशोबाला," त्या म्हणाल्या. "सात वर्षांचा होता तेव्हाच जायचा. चव्वेचाळीस वर्षं वरची मिळाली. ती मी मागितली होती, त्याचे आभार मानायचे राहिले होते." थोड्या वेळानं, समुद्राकडे बघत, "आणि भांडायचंही होतं. चव्वेचाळीसच का, म्हणून. दोन्ही करून झालं सकाळी."

संध्याकाळी झेंडा चढला. लाखो माणसांत मला झेंडा काही दिसला नाही, दोरीही नाही. फक्त "मरिये वाळ्ग" (मारियेचा जयजयकार) असा गजर उठला आणि बॅसिलिकेवरचे सगळे दिवे एकदम लागले. आई एका तामिळ बाईच्या खांद्याला धरून स्टुलावर चढल्या होत्या. दोघींत एका शब्दाची भाषा नव्हती. त्या बाईच्या हातात आमच्या सुकेळ्यांची पुडी होती.

परतीच्या गाडीत शनिवार उजाडला. माझे गुडघे सोलवटलेले, आईंनी त्यांवर तिथलं आशीर्वादाचं तेल चोळलेलं. काकूंच्या डब्यातले शेवटचे दोन मोदक कडक झाले होते, तरी खाल्ले. संध्याकाळी तोच मुलगा माळ घेऊन उभा राहिला आणि जरा बिचकत म्हणाला, "आजी, आज शनिवार. नवीन पद्धतीनं आनंदाची." जुन्या पद्धतीनं शनिवार गौरवाचा. मी आईंकडे बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत, माळ काढून बसल्या.

पाचवा फेरा कुणी सांगणार, म्हणून त्यानं डब्यात नजर फिरवली. आईंनी कोपरानं मला ढोसलं.

"आनंदाचं पाचवं रहस्य," मी म्हटलं. घसा बसला होता, पुन्हा म्हटलं. "तीन दिवसांच्या शोधानंतर येशू मंदिरात सापडतो." चहावाला मधूनच ओरडत गेला, मी थांबले, तो पुढच्या डब्यात जाईपर्यंत. मग नमो मारियेला सुरुवात केली, आणि अर्धी झाल्यावर शेजारून आईंनी ती पुढं उचलली.